मोरपंखी मुसंडी

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहसा तीनच प्रकारचा मजकूर येतो. सकाळची फुलं, गुडघेदुखीवरचे उपाय आणि कोणीतरी गेल्याची बातमी. तिन्हींना मी जोडलेले हात टाकतो. त्यामुळे चूक होण्याचा संभव राहत नाही.

एकदा टेक्ससमधल्या पुतणीनं तिथं एक फोटो टाकला. तिच्या शेजारचे सत्तरीचे गोरे आजोबा, त्यांची चौदा वर्षांची नात, दोघांच्या हातात बंदुका, आणि मधे आमच्या दिवाणाएवढं डुक्कर आडवं पडलेलं. खाली लिहिलं होतं, ‘नातीची पहिली शिकार’. मी सवयीनं जोडलेले हात टाकले. साऱ्या ग्रुपात त्या डुकराला श्रद्धांजली वाहणारा मी एकटाच निघालो.

आमचा नातू सोळा वर्षांचा आहे. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “कूल आजोबा आहेत.” वाक्यात माझा उल्लेख नव्हता. पण मी जन्माने पुणेकर असल्यामुळे न केलेला उल्लेख मला आधी ऐकू येतो.

“आपणही जातोच की एकत्र कुठं कुठं,” मी म्हटलं.

“हो ना. मागच्या महिन्यात बँकेत केवायसीला गेलो होतो. त्याच्या आधी तुमच्या कवळीच्या मापाला.”

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो. मी त्या डुकरांचा अभ्यास सुरू केला. टेक्ससमधली ही डुकरं मुळात रानातली नव्हेतच. १५३९ साली दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्यानं खाण्यासाठी जिवंत डुकरं बरोबर नेली होती. अशी वसाहतवाल्यांची पाळलेली डुकरं सुटत गेली. पुढे शिकारीच्या हौसेसाठी युरोपातून रानडुकरं आणून सोडली, त्यांच्याशी यांची सोयरीक झाली. आज अमेरिकेत अशी मोकाट डुकरं साठ लाखांच्या वर आहेत. टेक्सस राज्यानं तर २०११ साली हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार करायची मुभा दिली. आपल्याकडे मंत्री ज्या वाहनातून पूर बघतात, त्यातून तिकडे डुकरं मारतात.

त्याच वाचनात असंही होतं, की पाळलेलं डुक्कर सुटलं की त्याच्या वंशाला राठ केस येतात, सुळे लांब होतात आणि ते रात्री हिंडायला लागतं. मी चष्म्यावरून नातवाकडे पाहिलं. त्याला हे सगळं एकाच पिढीत जमलं होतं.

भाद्रपदात एका सकाळी मी चहाच्या कपावर घोषणा केली, “आम्ही दोघं रानडुकराच्या शिकारीला जाणार.”

“आजच सुचलं का हे?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “आज हरतालिका. म्हणजे वराह जयंतीही आजच. देवानं त्या रूपात सुळ्यावर अख्खी पृथ्वी उचलली. तुम्हाला सिलिंडर उचलवत नाही.”

धर्माचा आणि तब्येतीचा मुद्दा एकाच वाक्यात यावा, तर तो आमच्याच घरी. मी शहरातच सोय होते का ते पाहायचं ठरवलं. आमच्या सोसायटीमागच्या नाल्यात डुकरांचा एक कळप वर्षानुवर्षं राहतो. सोसायटीची कन्व्हेयन्स डीड होण्याआधीपासून त्यांचा ताबा आहे. संध्याकाळी मी आणि नातू नुसतं निरीक्षण करायला काठावर गेलो. दोन मिनिटांत मोटरसायकलवरून एक गृहस्थ आले.

“काय काका, काय बघताय?”

“डुकरं.”

“माझी आहेत.”

“पण ही तर मोकाट...”

“हिंडतात मोकाट. आहेत माझी. ती कानफाटी बघा, पुढच्या आठवड्यात वेणार आहे.”

पुण्यात बेवारस असं काही नसतं हे मी विसरलोच होतो. इथं रिकाम्या बाकालाही कोणाच्या तरी स्मरणार्थ मालक असतो.

मग मी नातवाला इतिहासातून पेटवायचं ठरवलं. म्हटलं, अरे, पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यानं फोनवर बघून सांगितलं की तिथं शिकार होत नसे, जनावरं ठेवलेली असत. म्हणजे त्या काळचं झू. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण लहानपणी मी १९५३ साली सुरू झालेल्या पेशवे पार्कात प्राणी बघतच वाढलो. ते प्राणी पुढे कात्रजला गेले. आमचा शिकारीचा सगळा वारसा तिकीट काढून बघितलेला आहे.

म्हटलं, बरं, बेडन-पॉवेल घे. तू स्काउटमध्ये होतास ना? ज्यानं १९०७ मध्ये पहिलं स्काउट शिबिर भरवलं, तोच हा गृहस्थ. हिंदुस्थानात पलटणीत असताना घोड्यावरून भाल्यानं डुकराची शिकार करायचं त्याला वेड होतं. १८८३ साली त्यानं त्यातला कादिर कप जिंकला आणि १८८९ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनाही भाल्यानं डुक्कर मारायचा नाद होता.

नातू जरा विचारात पडला. “म्हणजे रोज एक तरी सत्कृत्य करा, असं सांगायचे ते, ते डुक्कर सोडून बाकीच्यांसाठी?”

उरला कायदा. तोही मी वाचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानडुकराला संरक्षण आहे. ते पिकाची नासाडी करत असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं मारता येतं. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाईसाठी तसा आदेशही काढला. पण परवानगी असली तरी परवान्याची बंदूक हवी, ती चालवणारा हवा, आणि मारलेलं जनावर सरकारचं. म्हणजे डुक्कर उभं असेपर्यंत शेतकऱ्याची अडचण, आडवं झालं की सरकारी मालमत्ता. माझा बंदुकीशी संबंध चतुःशृंगीच्या जत्रेतल्या फुग्यांपुरता. त्यातही फुगेवाल्यानं मला एकदा पैसे परत करून पुढं जायला सांगितलं होतं.

शेवटी बायकोच्या धाकट्या भावाला फोन लावला. त्याची पुरंदर तालुक्यात, किल्ल्याच्या अंगाला शेती आहे. खरिपात भुईमूग, घेवडा, थोडा वाटाणा. डुकरांचा विषय काढताच तो हसला.

“दाजी, शिकार-बिकार काय नको. राखणीला या. बंदूक नको, वाजणारं कायतरी आणा. आणि ताईच्या जुन्या साड्या. आणि सलूनमधले केस.”

“केस?”

“माणसाचे. बांधावर टाकतो आम्ही. डुक्कर जमीन हुंगत येतं, केस नाकात जातो, वैतागतं. पोतंभर बघा. तुमच्याकडून नाय व्हायचं, ते माहितेय मला. दुकानातून आणा.”

माझ्या डोक्याचा उल्लेख त्यानं याहून सभ्यपणे करणं शक्य नव्हतं.

वाजणारं घरातच होतं. नातू ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. पावसाळाभर नदीकाठी सराव, विसर्जन मिरवणुकीत टिळक चौकात पोचेपर्यंत बोटांना पट्ट्या. अनंत चतुर्दशी झाली की पथकातली पोरं निवृत्त अधिकाऱ्यासारखी सैरभैर होतात. त्यानं पथकातून ताशा मागून आणला. वर म्हणाला, सगळं लाइव्ह दाखवू या. तेव्हा आजीनं पहिल्यांदा आवाज चढवला.

“कोथरूडचा गवा आठवतोय का?”

आठवत होता. ९ डिसेंबर २०२० ला सकाळी एक रानगवा वाट चुकून कोथरूडच्या महात्मा सोसायटीत आला होता. वन खात्याची माणसं होती, जाळी होती, भुलीचं इंजेक्शन होतं. पण त्यांच्याहून कितीतरी पट आपण होतो, फोन वर धरून. तो भिंतींना धडकत पळत राहिला आणि त्याच दिवशी मेला. त्याला मारायला कोणीच आलं नव्हतं. सगळे बघायला आले होते. नातू तेव्हा शाळेत होता. त्यानं काही न बोलता चार्जर पिशवीतून काढून ठेवला.

शनिवारी संध्याकाळी निघालो. कोंढव्याकडून बोपदेव घाटाच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदारांनी डिकी उघडायला लावली.

“पोत्यात काय?”

“केस,” मी म्हणालो.

“कसले?”

“माणसांचे.”

त्यांचा हात पोत्यावरून हळूच मागं गेला. “कुठल्या माणसांचे?”

“कोथरूडच्या. सगळे हयात आहेत.”

“आणि ह्या साड्या?”

“ह्याच्या आजीच्या.”

“त्या कुठायत?”

“घरी आहेत. साहेब, त्याही हयात आहेत.”

“आणि हा ताशा?”

इथं मात्र नातवानं सूत्रं हातात घेतली. डुकरं, भुईमूग, मामाआजोबा असं सगळं एका दमात सांगितलं. हवालदारांनी डिकी बंद केली. म्हणाले, “आमच्या गावाकडं पण लई उच्छाद आहे. केस ओले करू नका, वाऱ्याच्या तोंडाला टाका.” गाडी निघाल्यावर नातू म्हणाला, “आजोबा, पुढच्या वेळी ‘हयात’ हा शब्द वापरू नका.”

घाट चढून वर आलं की पुणं मागं दिव्यांच्या रांगोळीसारखं पसरलेलं दिसतं आणि पुढं अंधार असतो. याच टापूत कोडीत आहे, आचार्य अत्र्यांचं जन्मगाव. मी नातवाला ते दाखवलं. म्हणजे ज्या दिशेला अंधार जास्त होता ती दाखवली. तो म्हणाला, “छान आहे.”

शेतावर पोचलो तेव्हा मेव्हण्यानं बॅटरीच्या उजेडात आधी संरक्षणव्यवस्था फिरवून दाखवली. नातवाला वाटलं होतं खड्डे, सापळे, जाळी असेल. होतं ते असं. दक्षिणेच्या बांधाला सौरऊर्जेवरचं झटका मशीन. त्याची तार दर दोन दिवसांनी साफ करावी लागते, कारण पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो आणि डुक्कर शेतात. मधोमध बांबूवर टांगलेला भोंगा. त्यात मेव्हण्याच्याच आवाजात “हुर्रर्र! हाऽड! कोण हाय रं तिकडं!” रेकॉर्ड केलेलं, दर दहा मिनिटांनी वाजणारं, मागे कुत्र्याचं भुंकणं.

“भितात का?” नातवानं विचारलं.

“पहिले चार दिवस भ्याली. आता सवय झाली.” मग जरा थांबून म्हणाला, “घरातपण तसंच झालंय. मी खरंच हाक मारली तरी तुझ्या मामीआजीला वाटतं भोंगा आहे.”

आणि उरलेल्या तीन बाजूंना साड्या. खांबाला खांब, खांबाला खांब, कमरेएवढ्या उंचीवर ताणलेल्या साड्या. दुरून पाहिलं तर मुख्यमंत्री यायचे असावेत. रानडुकराला दिसतं कमी, पण नाक आणि कान तीक्ष्ण. वाऱ्यावर फडफडणारं, माणसाचा वास असलेलं काहीतरी समोर आलं की ते बिचकतं. म्हणून साऱ्या आळीतल्या बायकांच्या जुन्या साड्या इथं कामाला लागल्या होत्या. कुठं कोणाचं डोहाळजेवण, कुठं कोणाची ओटी, कुठं कोण्या नणंदेनं दिलेली आणि म्हणून एकदाही न नेसलेली.

उत्तरेच्या कोपऱ्यात मी थांबलो. बॅटरी परत फिरवायला सांगितली. तिथं एक मोरपंखी रंगाची साडी होती, जरीचे बारीक बुट्टे असलेली. ती मी ओळखत होतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लक्ष्मी रोडवर तीन दुकानं हिंडून, कोणालाही बरोबर न नेता, मी स्वतः निवडून आणलेली साडी. आयुष्यात मी एकट्यानं घेतलेली एकमेव.

“ही इथं कधी आली?”

“मागच्या साली ताईनं दिली,” मेव्हणा म्हणाला. “लई भारी आहे दाजी. एवढा पक्का रंग एकीचा नाय. ह्या बाजूनं वर्षभरात एक डुक्कर आलं नाय.”

हे कौतुक कसं घ्यावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नातवानं दोन सूचना केल्या. एक, ब्लूटूथ स्पीकरवर वाघाची डरकाळी लावू. मेव्हणा म्हणाला, “इथल्या डुकरानं वाघ बघितला असंल का? बिबट्याचा लाव म्हणलं तर लावशील, पण मग डुकराच्या आधी गाव पळंल, आणि उद्या पेपरात येईल.” दुसरी सूचना अस्सल पुणेरी होती. बांधावर पाटी लावू: ‘येथे भुईमूग उकरू नये. कारण विचारू नये.’

मेव्हण्यानं गंभीरपणे मान हलवली. “वाचत्याल. पण पाळणार नाहीत. तुमच्या तिकडच्यासारखंच.”

माळ्यावर चढणं हा माझ्यापुरता स्वतंत्र पराक्रम होता. चार खांब, वर बांबूची ताटी, डोक्यावर पत्रा. मला वर चढवताना खालून नातू ढकलत होता आणि वरून मेव्हणा ओढत होता, तेव्हा भोंग्यातून आवाज आला, “कोण हाय रं तिकडं!” मी सवयीनं नाव सांगितलं.

पाळ्या ठरल्या. पहिली मेव्हण्याची, दुसरी नातवाची, तिसरी माझी. मला दोन वाजता उठवलं. नातू ताशाला उशी करून आडवा झाला आणि मिनिटाच्या आत झोपला. मेव्हणा खालच्या खोपीत घोरत होता. उशिरा उगवलेला चंद्र वर आला होता. अशा वेळी माणसाला आयुष्याबद्दल काही सुचतं म्हणतात. मला फक्त लघवीची भावना होत होती आणि खाली उतरलो तर परत वर कोण घेणार, हा प्रश्न होता.

अडीचच्या सुमाराला आवाज आला. कुडुम. मग कुडुम कुडुम. कोणीतरी दात नीट असलेलं शेंगा खात होतं. बारा-पंधरा पावलांवर वेलांत काळे उंचवटे हलत होते. मी पाच मोजले. त्यातला एक म्हशीच्या पारडाएवढा. तो नाकाडानं माती असा उलटत होता, की नांगरानं लाजावं. सोंड खुपसायची, वेल उचलायचा, शेंगा ओरबाडायच्या, पुढं. मोठ्याच्या मागे लहानगी होती आणि ती आईकडून शिकत होती. त्यांच्याकडेही नातवंडांना बरोबर आणायची पद्धत असावी.

ठरलं होतं ते सोपं होतं. बॅटरी लावायची, ओरडायचं, नातवाला उठवायचं. मी ओरडलो. म्हणजे माझा तसा समज होता. प्रत्यक्षात तोंडून जे बाहेर पडलं, ते डायल टोनसारखं होतं. मी बॅटरी लावली. ती उलटी धरली होती, त्यामुळे प्रकाश माझ्या तोंडावर पडला. मोठ्या डुकरानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अंधारात अधांतरी तरंगणारा, बोळका, टकला चेहरा. कवळी मी काढून डबीत ठेवली होती. ते ‘हुंक’ असं म्हणालं आणि परत खाऊ लागलं. बुजगावण्याला निदान मडक्यावर मिशा तरी असतात.

मग मी नातवाला पायानं ढोसलं. तो उठला, त्यानं एकदा खाली पाहिलं, आणि सोळा वर्षांच्या मुलाला सकाळी साडेसातला जे जमत नाही ते त्यानं रात्री अडीचला केलं. अर्ध्या सेकंदात ताशा गळ्यात अडकवून काड्या हातात घेतल्या आणि तर्री दिली.

टिळक चौकात हजारोंच्या गर्दीत मी ती ऐकली आहे. पुरंदरच्या पायथ्याला, शांत रात्री, पत्र्याच्या छपराखाली, कानापासून दीड फुटावर ती वेगळी ऐकू येते. माझ्या कानात ती पुढं मंगळवारपर्यंत होती. वस्तीवरची कुत्री उठली. कुठंतरी दिवा लागला. मेव्हणा खोपीतून “बाप्पा मोरया!” असं ओरडत उठला, झोपेत त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

डुकरं पळाली. आता आपण मराठीत ‘मुसंडी’ हा शब्द फार स्वस्त केला आहे. शेअर बाजार मुसंडी मारतो, कांदा मारतो, उमेदवार तर मतमोजणीच्या प्रत्येक फेरीत मारतो. खरी मुसंडी मी त्या रात्री पाहिली. डुक्कर वळत नाही. वळायचं असतं हे त्याच्या गावीच नसतं. मान खाली, शेपूट ताठ, आणि सरळ रेघ. त्या रेघेच्या टोकाला उत्तरेचा कोपरा होता.

चार जणं साडीखालून गेली. पाचवं, मोठं, साडीतून गेलं. खांब कडकन मोडला, सुळ्याला कापड अडकलं, आणि चांदण्यात, ओढ्याकडच्या उतारावरून, पाच वार मोरपंखी पदर वाऱ्यावर सोडून ते डुक्कर रानात निघून गेलं. जरीचे बुट्टे एकदा चमकले. मग झाडी.

आम्ही दोघं बघत राहिलो. फोटो काढायचं कोणालाच सुचलं नाही. फोन चार्ज नव्हता, आणि असता तरी ते दृश्य फोनमध्ये मावणारं नव्हतं. नातू हळूच म्हणाला, “आजोबा, हे मी पथकात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.” पहिल्यांदाच त्याला सांगायची एखादी गोष्ट हवीशी वाटली होती आणि तिच्यात मी होतो. तोंड बोळकं का असेना.

सकाळी उजाडल्यावर मात्र हसू जरा ओसरलं. रात्री जे काळं-पांढरं होतं ते दिवसा हिरवं-तपकिरी होतं. दीड-दोन गुंठ्यांतले वेल उलटे पडले होते, मुळं आभाळाकडे. शेंगांची नुसती टरफलं. मेव्हणा त्यातून चालत होता आणि उरलेले अर्धे-मुर्धे वेल परत मातीत खोचत होता. त्याला राग आलेला दिसत नव्हता. राग यायला नवीन काहीतरी घडावं लागतं.

“भरपाई मिळते ना?” नातवानं विचारलं.

“मिळते. अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा. तोवर उरलेल्याची राखण कर.”

“असं किती रात्री जागता तुम्ही?”

“शेंग भरायला लागली की काढणीपर्यंत. महिना-सव्वा महिना. मग हरभरा. मग कणसं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “कालची रात्र बरी गेली, दाजी. बोलायला माणूस होतं.”

नातू खाली बसला आणि वेल खोचायला लागला. मी बसू शकत नव्हतो, म्हणून मी टरफलं गोळा केली. मोडलेला खांबही त्यानंच उभा केला. त्याला आता साडी नव्हती. मेव्हणा म्हणाला, “ताईला सांगा अजून एखादी. तशीच असली तर बरं.”

घरी आल्यावर सगळं सांगितलं. साडीचं मी गाळणार होतो, नातवानं गाळलं नाही. बायको भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला.

“तीच का, बुट्ट्यांची?”

“तीच.”

“आणि ते ती घेऊन पळालं?”

“पदर उडवत.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता पंचवीस वर्षांचा हिशेब निघणार. मग म्हणाली, “जाऊ दे. शेवटी कोणीतरी ती बाहेर नेसली.”

टेक्ससच्या पुतणीला मी उत्तर पाठवलं आहे. फोटो नाही म्हणून तिनं विश्वास ठेवला नाही, जोडलेले हात टाकले.

परवा फुले मंडईत ओल्या शेंगा आल्या होत्या. मी टोपलीपुढं उभा राहून भाव विचारला, ऐकला, आणि वडिलोपार्जित सवयीनं चेहऱ्यावर धक्का बसल्याचे भाव आणले. “एवढा? नुसत्या मातीतून तर उपटायच्या.” पुढचं वाक्य तयार होतं. इतक्यात नातवानं पाकीट काढून सांगितलेले पैसे दिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी घेतली आणि चालू लागला.

तेव्हा पुणेकरांनो, शेंगांचा भाव जरूर करा. तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. फक्त त्याआधी पुरंदरला माळ्यावर एक रात्र बसून या. काढणीपर्यंत तिथं माणसाची गरज आहे. केस मेव्हणा सांगेल तेवढे न्या, ताशा आमच्याकडून मिळेल. साडी मात्र ज्याची त्यानं आणावी.